पश्चिम आफ्रिकेच्या जुन्या नोटा: देशवार जमवायच्या की चित्रांवरून?

नाणेघाट

नमस्कार मंडळी.

इथे जुन्या नोटा जमवणारे बरेच आहेत, पण गप्पा बहुतेक वेळा पंचम जॉर्ज, हैदराबाद संस्थान आणि 786 नंबर यांच्यापाशी येऊन थांबतात. आज जरा लांब जाऊ. सेनेगलमधल्या डाकारपासून नायजेरियातल्या लागोसपर्यंतच्या पट्ट्यातल्या, साधारण 1955 ते 1985 या काळातल्या नोटा मी जमवतो. माझं स्पष्ट मत आहे की इतक्या बोलक्या नोटा जगात दुसरीकडे एवढ्या दाटीने सापडत नाहीत. 1957 ला घाना स्वतंत्र झाला, 1958 ला गिनी, आणि 1960 मध्ये तर रांगच लागली. आपल्या पैशावर काय छापायचं हे यातल्या प्रत्येकाला पहिल्यांदाच ठरवायचं होतं. नेता? झाड? मुखवटा? धरण? भुईमुगाची पोती? हे सगळं त्या नोटांवर आहे.

आता प्रश्न. फ्रेंच अमलाखालून सुटलेल्या बऱ्याच देशांचं चलन एकच, सीएफए फ्रँक, आणि नोटा काढणारी बँकही एकच, बीसीईएओ, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या या देशांची समाईक मध्यवर्ती बँक. चित्र सगळीकडे सारखं. देश ओळखायचा तो नंबराजवळच्या अक्षरावरून: ए आयव्हरी कोस्ट, बी बेनिन (तेव्हाचं दाहोमी), सी बुर्किना फासो (तेव्हाचं अप्पर व्होल्टा), डी माली, ई मॉरिटानिया, एच नायजर, के सेनेगल, टी टोगो. 1997 मध्ये गिनी-बिसाऊ आत आला, त्याला एस मिळालं.

तर 1959 च्या मालिकेतली 100 फ्रँकची नोट आठही अक्षरांत जमवायची, की एक चांगली घेऊन पुढच्या चित्राकडे वळायचं? तुम्ही काय केलंत, काय कराल?

ठाकुर्ली_फास्ट

आठ अक्षरं म्हणजे आठपट खर्च. घरी काय सांगायचं ते आधी ठरवा, मग अल्बम घ्या :)

शाईचा_डाग

छान विषय काढलात. माझं आयुष्य छापखान्यात गेलं, त्यामुळे मी चित्राच्या बाजूने.

तुम्ही म्हणता ती 100 फ्रँकची नोट हातात भिंग घेऊन बघा. एका बाजूला मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाईचा चेहरा. त्या गालाचा तपकिरी रंग एका शाईतून आलेला नाही. वेगवेगळ्या रंगांच्या बारीक रेघा आणि ठिपके एकमेकांवर चढवून तो डोळ्यांत तयार होतो. एक रंग केसभर सरकला तर चेहरा बिघडेल, पण सरकलेला दिसत नाही. ही बँक द फ्रान्सच्या (फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेच्या) छापखान्याची जुनी रीत. नोट म्हणजे रंगवलेलं चित्र असंच ते मानत आले. माणसं भरगच्च, रंग भरपूर, आणि वॉटरमार्कसाठी तेवढी मोकळी जागा.

याच्या शेजारी वेस्ट आफ्रिकन करन्सी बोर्डाची, म्हणजे तिथल्या ब्रिटिश वसाहतींची समाईक नोट ठेवा. लंडनच्या वॉटरलो कंपनीचं काम. ताडामाडाची झाडं, नदी, आणि भोवती यंत्राने कोरलेल्या नक्षीची जाळी. रंग मोजके, पण रेघ अशी की बोट फिरवलं तर शाईचा उठाव जाणवतो. दोन्ही कडच्या कारागिरांना मी मनापासून मानतो, आणि दोन्ही एका पानावर ठेवल्याशिवाय फरक कळत नाही. मग एकाच चित्राच्या आठ प्रती कशाला? त्या पैशात दुसऱ्या चार छापखान्यांचं काम घरात येईल.

गिरगावकर

@शाईचा_डाग, तुमच्या डोळ्यांबद्दल आदर आहेच, पण अक्षरं म्हणजे नुसत्या प्रती नव्हेत. इतिहास अक्षरातच आहे.

मालीचं डी घ्या. 1962 मध्ये माली या चलनातून बाहेर पडला आणि स्वतःचा फ्रँक काढला. 1984 मध्ये परत आला, दोन माली फ्रँकला एक सीएफए या दराने. म्हणजे डी अक्षर सुरुवातीला दिसतं, मग वीसेक वर्षं गायब, आणि पुन्हा हजर. सुरुवातीच्या काळातलं डी शोधताना घाम फुटतो. मॉरिटानियाचं ई तर 1973 नंतर संपलंच, त्यांनी उगिया हे स्वतःचं चलन सुरू केलं. तो देश परत आला नाही. हे सगळं चित्रावरून कळणार आहे का? चित्र तेच, बाई तीच, मुखवटा तोच.

मी आठही अक्षरांच्या मागे आहे. पूर्ण झालेलं नाही, पण मजा शोधण्यातच आहे.

प्रश्नचिन्ह

नवीन आहे, भाबडा प्रश्न. सेनेगलची के नोट आयव्हरी कोस्टमध्ये चालायची का?

नाणेघाट

@प्रश्नचिन्ह, भाबडा अजिबात नाही. चालायची आणि आजही चालते. अक्षर बँकेच्या हिशेबासाठी, बाजारात कोणी बघत नाही. मात्र मध्य आफ्रिकेतही सीएफए फ्रँकच आहे, दर तोच, पण ती बँक वेगळी, आणि तिकडची नोट इकडे चालत नाही. विक्रेते दोन्ही एकाच गठ्ठ्यात देतात, तेव्हा घेताना बँकेचं नाव वाचा.

आणि जुन्या सीएफए नोटा बँकेत बदलून मिळतील या आशेवर कोणी घेऊ नका. 2003 ची मालिका आल्यावर आधीच्या नोटा 2004 च्या अखेरीस बाद झाल्या.

रानमेवा

वाखुसा (वाचनखूण साठवली). त्या 2003 च्या नोटांवर प्राणी आहेत ना? 1000 वर उंट, 10000 वर पक्षी. मुलीला खूप आवडल्या.

गिरगावकर

@रानमेवा, हो, आणि 2000 वर मासे, 5000 वर हरणं. त्या सगळ्यांवर करवतीसारख्या तोंडाचा एक मासा बँकेचं चिन्ह म्हणून दिसेल. घाना आणि आयव्हरी कोस्टमधले अकान लोक सोनं तोलायला पितळेची छोटी वजनं वापरत, त्यातल्या एका वजनाच्या आकारावरून तो घेतला आहे. सोन्याच्या व्यापाऱ्याच्या तागडीतलं वजन मध्यवर्ती बँकेचं चिन्ह होतं, हे मला फार योग्य वाटतं.

लागोसवासी

नोकरीनिमित्त बरीच वर्षं लागोसला आहे, म्हणून नायजेरियाबद्दल लिहितो. इथे अक्षर बघायचं नाही, रंग बघायचा.

1967 च्या मे महिन्यात पूर्वेकडचा भाग बियाफ्रा म्हणून वेगळा झाला आणि युद्ध पेटलं. तिकडच्या लोकांकडे आणि सरकारकडे नायजेरियन पौंडांचा साठा होता, त्यावर परदेशातून शस्त्रं घेता येत होती. जानेवारी 1968 मध्ये लागोसच्या सरकारने नोटांचे रंग बदलले आणि जुन्या बाद केल्या. चित्रं तशीच, रंग नवे. एका फटक्यात तिकडचा साठा रद्दी झाला. त्याच महिन्याच्या शेवटी बियाफ्राने स्वतःच्या नोटा काढल्या, आधी 5 शिलिंग आणि 1 पौंड. ताडाचं झाड आणि उगवता सूर्य. नंतरच्या मालिकेत 10 पौंडांपर्यंत गेले.

जमवणाऱ्यांसाठी सांगतो, रंगबदलाच्या आधीची 1967 ची नायजेरियन नोट आणि 1968 ची नोट शेजारी लावा. त्या रंगबदलात एक अख्खं युद्धाचं डावपेच दिसतं. पुन्हा 1984 मध्ये लष्करी सरकारने हेच केलं: सीमा बंद, रंगांची अदलाबदल, जुन्या नोटा परत करा.

ठाकुर्ली_फास्ट

म्हणजे आपल्या 8 नोव्हेंबरला तिकडे आधीच सराव झाला होता म्हणायचं.

मीना_नगर

@लागोसवासी, तुम्ही बियाफ्राचा विषय काढलात म्हणून लिहिते. मला एका प्रदर्शनात बियाफ्राची 1 पौंडाची कोरी करकरीत नोट अगदी स्वस्तात देऊ केली होती. मी घेतली नाही. त्या युद्धात लाखो माणसं, त्यात किती मुलं, उपासमारीने गेली. ज्या नोटेने तेव्हा कोणाचं पोट भरलं नाही ती मी हौसेने प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवावी, हे मनाला पटत नाही. कोणाला दोष देत नाही, पण जमवणाऱ्यांनी याचा विचार करावा असं वाटतं.

गिरगावकर

मीनाताई, भावना समजते. पण नोट टाकून दिली तर ती गोष्ट सांगणार कोण? पुस्तक किती जण उघडतात? नोट मात्र कोणीही हातात घेतो आणि विचारतो, हा कुठला देश, नकाशात का नाही. मग सांगता येतं.

मीना_नगर

सांगणारे असतील तर ठीक. मी बघितलं तिथे ती "दुर्मिळ, गुंतवणुकीसाठी उत्तम" म्हणून विकत होते.

लागोसवासी

मीनाताईंचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. दुर्मिळ हे तर खोटंच. त्या 1 पौंडाच्या कोऱ्या नोटा जगभर गठ्ठ्यांनी मिळतात, काही तर बिननंबरी आहेत, म्हणजे कधी चलनात गेल्याच नाहीत. वापरलेली, घडी पडलेली, घामाने काळवंडलेली नोट त्यामानाने कमी दिसते, आणि घ्यायची तर तीच घ्यावी असं माझं मत आहे.

इथल्या ऑफिसात एक इग्बो, म्हणजे बियाफ्रातल्या मुख्य समाजातले, सहकारी होते, आता निवृत्त झाले. त्यांच्या वडिलांनी युद्ध संपल्यावर बँकेत पैसे भरले होते. 1970 मध्ये सरकारने ठरवलं की बियाफ्राच्या नोटा भरणाऱ्याला, कितीही भरलेल्या असोत, 20 पौंड मिळतील. वडिलांचं दुकान होतं, त्याची सगळी जमा त्यात गेली. भरून उरलेल्या थोड्या नोटा त्यांनी बायबलमध्ये ठेवल्या होत्या. सहकाऱ्यांनी मला दाखवल्या. 5 शिलिंगची नोट, मागे चार मुली, चौकोनी घडी इतकी जुनी की मधोमध कागद फाटून आरपार दिसत होतं. मी विकत मागितली नाही. मागावी असं वाटलंही नाही. ती त्यांच्या घरातच हवी.

मीना_नगर

हे लिहिलंत, खूप बरं केलंत.

प्रश्नचिन्ह

लागोसवासी, तिथे लग्नात नोटा उधळतात ते खरं का? व्हिडिओ बघितले होते.

लागोसवासी

खरं. नाचणाऱ्याच्या कपाळाला एकेक नोट चिकटवत जातात. पण 2007 च्या मध्यवर्ती बँकेच्या कायद्यात तो गुन्हा आहे. नोट उधळणं, तुडवणं, आणि हो, नोटा विकत बसणं हेसुद्धा. त्यामुळे चालू चलनातल्या नोटांची रस्त्यावर खरेदी करायला इथे येऊ नका. जुन्यांचंच बघा.

अक्राचा_पाहुणा

घानाचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. काही काळ अक्राला होतो.

1965 च्या जुलैमध्ये घानाने पौंड सोडून सेडी आणला आणि नोटांवर तेव्हाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा. 24 फेब्रुवारी 1966 ला ते परदेशात असताना लष्कराने सत्ता घेतली. वर्षभरात, 1967 च्या फेब्रुवारीत, नवा सेडी आला आणि एन्क्रुमांचा चेहरा गेला. म्हणजे त्या पहिल्या नोटांचं आयुष्य दोन वर्षांचंही नाही. मी 1965 ची 1 सेडी आणि 1967 ची 1 सेडी एकाच कप्प्यात ठेवल्या आहेत. येणाऱ्या प्रत्येकाला आधी ते पान दाखवतो.

पुढे घानाच्या लोकांनी नोटांच्या बाबतीत बरंच सोसलं. 1979 मध्ये जुन्या नोटा बदलून घेताना 5000 सेडीपर्यंत दहाला सात मिळाले, त्यावर दहाला पाच. 1982 मध्ये 50 सेडीच्या नोटाच काढून घेतल्या. माझी घरमालकीण हिशेब अजून तोंडपाठ सांगायची. बँकेवर तिचा विश्वास नव्हता तो नव्हताच, कापडाचे तागे घेऊन ठेवायची.

नाणेघाट

@अक्राचा_पाहुणा, तुमच्या त्या पानावर तिसरी नोट लावा: गिनीची 1980 ची 5 सिली (सिली हे गिनीचं तेव्हाचं चलन). तिच्यावर एन्क्रुमा आहेत! सत्ता गेल्यावर गिनीचे अध्यक्ष सेकू तुरे यांनी त्यांना राजधानी कोनाक्रीत आसरा दिला, इतकंच नाही, मानाने सहअध्यक्ष केलं. 1972 मध्ये ते गेले. स्वतःच्या देशाने नोटेवरून काढलेला माणूस दुसऱ्या देशाच्या नोटेवर आला. याहून मोठी मैत्री नोटेवर मी पाहिलेली नाही.

त्याच मालिकेत 10 सिलीवर काँगोचे पॅट्रिस लुमुंबा, 2 सिलीवर मोरोक्कोचे राजे पाचवे मोहम्मद, 500 वर युगोस्लाव्हियाचे टिटो, आणि 1 सिलीवर माफोरी बांगुरा, स्वातंत्र्यलढ्यात बायकांना संघटित करणारी कार्यकर्ती. एका लहान देशाने आपल्या पाकिटात मित्रांची ओळख करून दिली आहे. तुरेंच्या राजवटीत माणसं तुरुंगात कुजली, मारली गेली, तेही खरं. ते नोटेवर नाही. त्यामुळे नोट वाचताना तिच्यावर काय नाही तेही विचारावं लागतं.

गिनीबद्दल अजून एक. 28 सप्टेंबर 1958 च्या मतदानात फ्रान्सला नाही म्हणणारा फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतला हा एकटा देश. 1 मार्च 1960 ला स्वतःचा फ्रँक काढला, पण पहिल्या नोटांवर तारीख छापली 2 ऑक्टोबर 1958, म्हणजे स्वातंत्र्याचा दिवस. मालीनेही तेच केलं. चलन आलं 1962 मध्ये, नोटेवर 22 सप्टेंबर 1960. दोघांनाही सांगायचं होतं की आमचा पैसा स्वातंत्र्याबरोबरच जन्मला. नवख्यांनी त्या तारखेवरून नोटेचं वय ठरवू नये. आणि गिनीच्या या नव्या चलनाला पाडायला फ्रेंच गुप्तचर संस्थेने बनावट नोटा छापून आत सोडल्या. त्या संस्थेतल्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पुढे ते उघड सांगितलं.

शाईचा_डाग

या बनावट नोटांच्या गोष्टीवर मी रात्री जागून विचार करणार. छापखान्याचं कसब असं वापरलं जावं, वाईट वाटतं.

रानमेवा

मला चेहऱ्यांपेक्षा झाडं आवडतात. सिएरा लिओनच्या 1964 च्या पहिल्या लिओन नोटांवर फ्रीटाउनचं ते मोठं सावरीच्या जातीचं झाड आहे, शेजारी कोर्टाची इमारत. अमेरिकेतून आणि नोव्हा स्कोशियातून सुटका होऊन आलेल्या लोकांनी अठराव्या शतकाच्या शेवटी या झाडाखाली प्रार्थना केली असं तिथे सांगतात. 24 मे 2023 ला वादळात ते झाड पडलं. आता बुंधा आणि नोट. माझ्याकडे 1 लिओन आहे, बरीच वापरलेली, पण झाड स्पष्ट आहे.

ठाकुर्ली_फास्ट

रानमेवा, ही गोष्ट माहीत नव्हती. नोट घेणार. (घरी सांगून.)

सासष्टीकार

मडगावहून लिहितो. इतका वेळ इंग्रज आणि फ्रेंच चाललंय, पोर्तुगीज विसरलात सगळे.

गोव्याच्या आणि पोर्तुगीज गिनीच्या (आजच्या गिनी-बिसाऊच्या) नोटा एकाच बँकेच्या, बांको नासियोनाल उल्त्रामारिनो. लिस्बनला 1864 मध्ये स्थापन झालेली. आमच्या घरात 1959 ची 60 एस्कुदांची नोट आहे, गोवा जिंकणाऱ्या अफोंसो द आल्बुकेर्कचं चित्र असलेली. त्या वर्षीच्या मालिकेतल्या नोटा 30, 60, 100, 300, 600, 1000 अशा विचित्र आकड्यांच्या, कारण जुन्या एका रुपयाचे सहा एस्कुद धरले होते. आता पोर्तुगीज गिनीची 1971 ची 50 एस्कुदांची नोट घ्या. तिच्यावर नुनु त्रिश्तांव, तोही किनारा शोधत आलेला पोर्तुगीज. घाट तोच: बँकेचं नाव वर, दर्यावर्दी बाजूला. तिकडे त्रिश्तांव, इकडे आल्बुकेर्क. आज्जी म्हणायची, या दाढीवाल्याला घरात कोणी बोलावलं होतं?

आणि मग गिनी-बिसाऊने 1975 मध्ये स्वतःचे पेसो काढले तेव्हा काय केलं बघा. 50 वर पान्साऊ ना इस्ना, 100 वर दोमिंगुस रामुस, 500 वर आमिल्कार काब्राल. तिघेही मुक्तिलढ्यात गेलेले. काब्रालना तर 1973 मध्ये, देश स्वतंत्र व्हायच्या आधीच, कोनाक्रीत मारलं. दर्यावर्द्याच्या जागी त्याच्या वारसांशी लढलेला माणूस. आम्हा गोंयकारांना ही नोट बघून जे वाटतं ते सांगायला नको.

माझं म्हणणं असं की नाणेघाट यांचा प्रश्नच थोडा बदलावा. देश नको, चित्र नको. नोट काढली कोणी, त्यावरून लावा.

नाणेघाट

सासष्टीकार, हे जरा उलगडून सांगा. डोक्यात काहीतरी जुळतंय.

सासष्टीकार

सांगतो. या भागात देशांच्या सीमा आणि पैशाच्या सीमा कधी जुळल्याच नाहीत. लंडनचा वेस्ट आफ्रिकन करन्सी बोर्ड 1912 चा, त्याची एकच नोट नायजेरिया, गोल्ड कोस्ट (आजचा घाना), सिएरा लिओन आणि गॅम्बियात. फ्रेंचांची बांक द लाफ्रिक ऑक्सिदांताल 1901 ची, तिच्यानंतर 1955 ला एक संस्था आली, मग बीसीईएओ. आमची उल्त्रामारिनो तर बिसाऊ, केप व्हर्द, अंगोला, गोवा, मकाव सगळीकडे. एकेका संस्थेचं एक प्रकरण करा. त्यात आधी समाईक नोटा, मग जो देश बाहेर पडला त्याची पहिली स्वतःची नोट. करन्सी बोर्डातून घाना 1958 ला, नायजेरिया 1959 ला, सिएरा लिओन 1964 ला. फ्रेंचांतून गिनी, माली, मॉरिटानिया. उल्त्रामारिनोतून बिसाऊ.

गिरगावकर

हे मला जवळजवळ पटलं. "जवळजवळ" यासाठी की माझी अक्षरं यात बसतात: मालीचं डी, मग पहिले अध्यक्ष मोदिबो केइतांचा फोटो असलेली माली फ्रँकची नोट, मग पुन्हा डी. एका ओळीत जाणं आणि येणं. मग अक्षरं हवीतच ना!

शाईचा_डाग

डी आणि ई हवीत, हे मान्य. पण ए, बी, सी, एच, के, टी एकाच चित्रात? ते अजूनही नको. जे गेलेच नाहीत त्यांच्यासाठी एक नोट पुरे.

गिरगावकर

टोगोवाले ऐकतील तर रागावतील :) न जाणं हाही निर्णयच होता. 12 जानेवारी 1994 ला डाकारमध्ये सीएफएची किंमत एका रात्रीत निम्मी केली, 50 ऐवजी 100 फ्रँकला एक फ्रेंच फ्रँक. ते आत राहिलेल्या सगळ्यांनी सोसलं. औषधं, तांदूळ, आयात होणारं सगळं महागलं. माझ्याकडे 1992 नंतरची 2500 फ्रँकची नोट आहे, धरण असलेली. 2003 च्या मालिकेत ती रक्कम उरलीच नाही. ती नोट मी प्रत्येक अक्षरात जमवणार, बोला काय बोलायचं ते.

अक्राचा_पाहुणा

जमवा जमवा. मात्र एक विचारायचं होतं. माझ्या फ्रेंच काळातल्या सगळ्या नोटांना डाव्या बाजूला बारीक भोकं आहेत. वाळवी की काय? विक्रेत्याने "दोष" म्हणून किंमत कमी केली होती.

शाईचा_डाग

टाचणीची भोकं. फ्रेंच बँकांत नोटांची जुडी टाचणीने टोचून ठेवायची पद्धत होती, ती वसाहतींतही गेली. चलनात फिरलेल्या जुन्या फ्रेंच नोटेला ती असणारच. आपल्याकडे नाही का, जुड्यांना जाड स्टेपल मारायचे, ते रिझर्व्ह बँकेने 2001 मध्ये बंद करायला लावलं. मला तर बिनभोकाची "वापरलेली" नोट दिसली की शंका येते.

आणि जाता जाता, नोटा धुऊ नका, इस्त्री करू नका. विक्रेते सर्रास करतात. उठावाच्या छपाईत कागद शाईच्या रेघांत दाबला जातो, मागच्या बाजूने बोटाला ते लागतं. धुऊन दाबलेल्या नोटेचा तो उठाव मरतो, कागदावरची खळ जाते आणि तो मऊ पडतो. डाग गेला तरी नोटही गेली. घडी असू दे. घडीला लाज कसली?

प्रश्नचिन्ह

ठेवायच्या कशात? आम्ही चिपळूणला. पावसाळ्यात पुस्तकांनासुद्धा बुरशी येते.

सासष्टीकार

आमच्याकडेही तीच हवा. पीव्हीसीचे स्वस्त कप्पे वापरू नका, काही वर्षांनी चिकट होतात आणि शाई ओढतात. पीव्हीसी नसलेले, पॉलिएस्टरचे घ्या. अल्बम उभा ठेवा, आडवा थप्पीत नको. बंद डब्यात सिलिका जेल, पावसाळ्यात महिन्याला बदलायचं किंवा भाजून कोरडं करायचं. ऑक्टोबरच्या उन्हाच्या दिवसांत पंख्याखाली पानं उघडी, थेट ऊन मात्र लागू द्यायचं नाही. लॅमिनेशन कधीच नाही.

नाणेघाट

सगळ्यांचे आभार. मी अल्बम सासष्टीकारांच्या पद्धतीने लावायला घेतोय. पहिलं प्रकरण करन्सी बोर्ड, दुसरं बीसीईएओ आणि त्यातून गेलेले, तिसरं उल्त्रामारिनो. त्यात गोव्याची एक नोट मुद्दाम, बिसाऊच्या आधी. बियाफ्रासाठी वेगळं पान ठेवतोय, नोट नसली तरी मजकूर लिहिणार. मीनाताई, तो मजकूर तुम्ही वाचून द्याल का? लागोसवासी, 20 पौंडांची हकीकत त्यात घ्यायला तुमच्या सहकाऱ्यांची हरकत आहे का ते विचाराल?

मीना_नगर

पाठवा. वाचते.

लागोसवासी

विचारतो. नाव न घालता चालेल असं म्हणतील असं वाटतं, पण विचारूनच सांगतो.

गिरगावकर

नाणेघाट, 100 फ्रँकची सी आणि एच माझ्याकडे दोन-दोन आहेत. तुमच्याकडे टी जादा असेल तर अदलाबदल करू.

नाणेघाट

टी आहे. मधोमध उभी घडी, डावीकडे टाचणीची भोकं, वरचा कोपरा किंचित गेलाय. दोन्ही बाजू स्कॅन करून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

शाईचा_डाग

उजेडावर धरून एक फोटो काढा आणि तो इथेच टाका. वॉटरमार्क आम्हालाही बघायचा आहे.